चाळायचा शनिवार

मामा दमलेले नाहीत असं मी एकदाच पाहिलंय, तेही फोटोत. कारखान्याच्या ऑफिसात कपाटाच्या वर तो फोटो टांगलेला आहे. मधे मालकांचे वडील, आजूबाजूला दहाबारा माणसं, आणि डाव्या टोकाला एक काटकुळा तरुण, हात कमरेवर, नुकतीच कुणाशी तरी पैज जिंकल्यासारखा. ते मामा. वीस वर्षांपूर्वी मी तपासणीच्या टेबलावर कामाला लागले तेव्हा तो तरुण कुठे गेला होता देव जाणे. माझ्यासमोर उभे होते ते एक वाकलेले गृहस्थ, रबरी बुटात, गुडघ्यापर्यंत ओले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मोठ्यानं बोलायची सवय कर, पोरी. इथे हळू बोललेलं फक्त मालकांना ऐकू जातं."

मामा हे कुणाचेही मामा नव्हते. बहीण नाही, भाचरं नाहीत. पण सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मालकसुद्धा, आणि मालक रागावले की "अहो मामा". त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथेच राहिलं.

आता त्यांचं काम सांगते, कारण ते नीट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे धातूचे लहान तुकडे बनतात. कड्या, जोड, मुठी, बिजागऱ्या. धातू कापला, त्याला भोक पाडलं की कडेला बारीक काटे उरतात. नजरेला दिसत नाहीत, पण बोट फिरवलं की रक्त काढतात. ते काटे घालवायचे आणि तुकडा हाताला मऊ लागेल इतका गुळगुळीत करायचा, हे मामांचं काम. हातानं घासत बसायचं नाही. त्यासाठी यंत्र आहे: कमरेएवढं उंच, गोल, आतून जाड रबराचं अस्तर, बुडाखाली मोटर. कागदोपत्री त्याला व्हायब्रो म्हणतात. आम्ही घंगाळ म्हणतो, कारण ते दिसतंच तसं. घंगाळात तीनकोनी दगड भरायचे, तुकडे सोडायचे, साबणाच्या पाण्याची धार लावायची आणि बटण दाबायचं. मग सगळं घंगाळ थरथरायला लागतं. दगड आणि तुकडे एकमेकांना घासत गोल गोल फिरतात, खालचे वर येतात, वरचे खाली जातात. तीन तास, पाच तास, जसा माल तसा वेळ. आवाज असा की पत्र्याच्या छपरावर कुणीतरी पोत्यानं खडी ओततंय, आणि पोतं काही संपत नाही.

बाहेरच्याला वाटतं, यात माणसाचं काय काम? बटण दाबलं की झालं. असं म्हणणाऱ्याला मी एक दिवस मामांच्या जागी उभं करायला तयार आहे. मामा चालत्या घंगाळात कोपरापर्यंत हात घालायचे, एक तुकडा उपसून काढायचे, कडेवर अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून वीस मिनिटं." भिंतीवर वेळ लावायचं घड्याळ होतं, पण ते मालकांच्या समाधानासाठी. कमी घासलं तर काटे राहतात. जास्त घासलं तर कोपरेच जातात. "आणि कोपरे गेले की तुकडा कशातच बसत नाही," मामा सांगायचे, "आमच्या मेव्हण्यासारखा."

बत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. यंत्र बंद झालं तरी त्यांच्या हातांतली थरथर बंद व्हायची नाही. चहावाल्याला सवय झाली होती, तो मामांचा कप अर्धाच भरायचा आणि मागाहून उरलेला अर्धा घेऊन यायचा. दगड आणि तुकडे मिळून भरलेली बादली पंधरा-सोळा किलोची. अशा बादल्या घंगाळातून काढायच्या, जाळीवर ओतायच्या, माल वेगळा करायचा, दगड पुन्हा भरायचे. दिवसाला किती बादल्या, ते मी एकदा मोजायला घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मलाच दम लागला. तिथे बसायला जागा नव्हती. खाली कायम पाणी, स्टूल ठेवलं तर महिन्यात कुजायचं, आणि बसलेल्या माणसाला घंगाळाच्या आत दिसतही नाही. म्हणून मामा उभे. बत्तीस वर्षं उभे. घरी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि बेचाळीस पायऱ्या. मामी म्हणजे त्यांची बायको, त्या सांगायच्या की हे संध्याकाळी येतात आणि पहिल्या पायरीवर थांबून वर असं बघतात, जणू जिना आजच कुणीतरी बांधून ठेवलाय.

मामांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती मोठी नव्हती. स्टोअरमधली खुर्ची. स्टोअर म्हणजे गोदामाच्या दाराशी असलेली काचेची खोली. तिथे एक टेबल, एक पंखा, एक पाठ टेकायची खुर्ची. येणारा माल नोंदवायचा, जाणारा माल नोंदवायचा, साबणाचे कॅन, हातमोजे, दगडांची पोती मागेल त्याला द्यायची आणि समोर खूण करायची. खुर्चीवर एक स्टोअरकीपर होते, ते खुर्चीवरच म्हातारे झाले होते. मामा अकरा वर्षं त्यांच्या निवृत्तीची वाट बघत होते, आणि ती लपवतही नव्हते. रोज जाता-येता विचारायचे, "काय साहेब, तब्येत कशी?" स्टोअरकीपर म्हणायचे, "ठणठणीत." मामा म्हणायचे, "अरेरे."

शेवटी स्टोअरकीपरनाच कंटाळा आला. ते मुलाकडे राहायला जायचे ठरले. मालकांनी मामांना बोलावलं आणि सांगितलं की कुबड्यांची ऑर्डर नीट पार पडली की पुढच्या सोमवारपासून खुर्ची तुमची. मामा बाहेर आले ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "पंखा आहे गं तिथे." मला त्या माणसाचा इतका कळवळा आला की मी उगाच पेन शोधायला लागले.

कुबड्यांची ऑर्डर म्हणजे चोवीसशे जोड. कुबडीची उंची कमी-जास्त करता येते. नळीत नळी सरकते आणि मधे एक जोड असतो. त्या जोडाला एक भोक, आरपार न गेलेलं, आम्ही त्याला आंधळं भोक म्हणतो. त्या भोकात स्प्रिंगची खुंटी 'टक' करून बसते आणि नळी जागच्या जागी राहते. माणसाचा सगळा भार त्या खुंटीवर.

आणि दगडांचं असं आहे की ते धातूला घासतात तसा धातूही त्यांना घासतो. अंगठ्याएवढा दगड झिजत झिजत वाटाण्याएवढा होतो. वाटाण्याएवढा दगड आंधळ्या भोकात गेला की तिथेच घट्ट रुतून बसतो. रंगही तोच, करडा. म्हणून दर शनिवारी दुपारी घंगाळ रिकामं करायचं, सगळे दगड मोठ्या चाळणीतून चाळायचे, खाली पडतील ते बारके फेकून द्यायचे, तेवढे नवे भरायचे आणि भिंतीवरच्या तक्त्यात खूण करायची. चाळायचा शनिवार हा आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस. सातशे किलो दगड, बादलीबादलीनं. नाकी नऊ येतात.

ऑर्डर चालू असतानाचा पहिला शनिवार. मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मामा सकाळपाळी करून दुपारी दवाखान्यात गेले. जाता जाता तक्त्यात खूण केली, सोमवारी सकाळी लवकर येऊन चाळू म्हणून. सोमवारी सकाळी माल तयार उभा होता, ते राहिलं. दुसरा शनिवार. दवाखान्याच्या खेपा, घरचा स्वयंपाक, मामींच्या डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे, तेही थरथरत्या हातानं. जेवण झाल्यावर मामा बादली उपडी घालून तिच्यावर टेकले. पाच मिनिटं, असं स्वतःला म्हणाले. सुटीच्या भोंग्यानं जाग आली. उठून त्यांनी तक्त्यात खूण केली आणि घरी गेले.

यात लबाडी नव्हती. माणूस दमला होता. पण दगडांना त्याचं काय?

आता माझं. मला हे सांगायला नको वाटतंय, पण तेवढं सोडून बाकीचं सांगण्यात काय हशील? माझ्या टेबलावर एक सळई असते, तिच्यावर एक लाल रेघ. आंधळ्या भोकात सळई घालायची. रेघ आत गेली, तुकडा पास. रेघ बाहेर राहिली, आत काहीतरी आहे. शंभर तुकड्यांमागे दहा असे तपासायचे आणि चिठ्ठीवर सही करायची. मामांचा माल कधीही नापास व्हायचा नाही. म्हणून मी दहाचे पाच केले, पाचाचे दोन. कुबड्यांच्या वेळी गिऱ्हाइकाची घाई होती, माझी आई घरी अंथरुणाला खिळलेली, मी सकाळी तिचं सगळं उरकून यायची ती अर्धी संपूनच. मी एकाही तुकड्यात सळई घातली नाही. चोवीस चिठ्ठ्यांवर चोवीस सह्या केल्या. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, मामांवर विश्वास आहे माझा. आळसाला असं काहीतरी बरं नाव द्यावं लागतं.

गुरुवारी माल गेला. शनिवारी दुपारी मामांनी दगड चाळले.

मी टेबल आवरत होते. चाळणीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. मग बुटांचा पचपच आवाज करत मामा आले. नेहमी अर्धी बादली बारके दगड निघायचे. आज अडीच बादल्या निघाले होते. त्यांनी ते सांगितलं नाही, ते मला मागाहून कळलं. ते एवढंच म्हणाले, "सळई दे."

प्रत्येक ऑर्डरचे वीस तुकडे आम्ही नमुना म्हणून फळीवर ठेवतो. मामांनी डबा खाली घेतला आणि एकेक तुकड्यात सळई घालायला लागले. हात थरथरत होता, सळई भोकाच्या तोंडावर टकटक वाजत होती. पहिला, दुसरा, पाचवा. अकराव्याला लाल रेघ बाहेर राहिली.

त्यांनी तुकडा टेबलावर आपटला. काही पडलं नाही. मग माझ्या खणातली वाकडी तार घेऊन बराच वेळ कोरलं, तेव्हा एक करडा खडा निघाला, वाटाण्याहून थोडा लहान. तो त्यांनी माझ्या वहीवर ठेवला.

"दोन शनिवार चाळलं नाही मी," मामा म्हणाले.

तोंड माझं नेहमी डोक्याच्या पुढे धावतं. "एक निघाला म्हणून काय झालं? कुबड्या जोडणारे बघतील की."

"त्यांना कळायचं नाही. खुंटी अर्धीच बसते, पण टक वाजते. बसल्यासारखी वाटते. भार पडला की सुटते."

"मामा, परवा सोमवार आहे."

"माहीत आहे मला परवा सोमवार आहे ते."

आणि मग मी ते बोलले. माझ्याच तोंडून गेलं, दुसऱ्या कुणाच्या नाही. "मग सोमवारी खुर्चीत बसा आणि मंगळवारी सांगा. दोन-तीन दिवसांनी काय बिघडतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मामांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचार केला, खरंच केला. मी बघत होते, त्या माणसानं मनातल्या मनात खुर्चीवर बसून पाहिलं. पंख्याखाली बसून पाहिलं. मग त्यांनी हात पँटला पुसले.

"मंगळवारपर्यंत हे सांभाळून ठेवायला अंगात जोर पाहिजे," ते म्हणाले. "खोटं बोलणं सोपं असतं गं. पण ते मग रोज उचलून इकडून तिकडे ठेवावं लागतं. मला आता दगडच उचलवत नाहीत. चल."

मी त्यांच्या मागून ऑफिसात गेले. मालक पोटाच्या गोळ्या चघळत कागद बघत होते. वय माझ्यापेक्षा कमी, माणूस वाईट नाही, पण बापाचा कारखाना बापासारखाच चालवायचा या धास्तीत केस गेलेले.

"साहेब, कुबडीचा माल परत मागवा," मामा म्हणाले. "दोन शनिवार मी दगड चाळले नाहीत. तक्त्यात खूण केली, पण चाळले नाहीत. भोकात खडे आहेत."

मालकांनी दुसरी गोळी काढली आणि ती तोंडात घालायची विसरले. "अहो मामा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तपासणीतून कसं सुटलं हे?"

मी तोंड उघडलं.

"ती शंभरात दहा बघते," मामा माझ्याआधी म्हणाले. "नियमच तसा आहे. तिच्या दहांत आला नसेल. मी बघितलंय, ती सळई घातल्याशिवाय सही करत नाही."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

माल परत आला. पाच दिवस आम्ही सळई घालत बसलो, मी आणि पॅकिंगच्या दोन बायका, आणि आपली पाळी संपल्यावर मामा. चोवीसशे तुकड्यांत एकसष्ट खडे निघाले. मी मनात हिशेब केला. शंभरात दहा जरी तपासले असते तरी पाचसहा सापडलेच असते, पहिल्याच दिवशी. मालकांनी तो हिशेब केला नाही. गिऱ्हाइकानं चाळीस कुबड्या जोडूनही टाकल्या होत्या, त्या परत बोलावल्या. त्यांतल्या दोन कुबड्यांत खडे होते. एक कुबडी दोन दिवस एका शिंपिणीच्या काखेत होती, पाय मोडलेल्या. ती पडली नव्हती. कुबडी बदलून देताना तिला कारणही कुणी सांगितलं नाही. त्या खड्याकडे मात्र मामा खूप वेळ बघत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघंच उरलो होतो. मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तर माझी चूक अर्धी झाली असती का?"

"तसं नाही, पण..."

"दोघांना घालवलं असतं तर तुझ्या आईचं कुणी केलं असतं? मालक करणार होते?" त्यांनी पुढचा तुकडा उचलला. "बोलू नकोस, माझी मोजणी चुकते."

मी रडले. आवाज न करता, सळई हातात धरून. मामांनी पाहिलं आणि डबा माझ्या बाजूनं त्यांच्या बाजूला सरकवला, माझे तुकडेही तेच तपासायला लागले. मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. इतकं चांगलं वागायचं काय कारण होतं? शिव्या दिल्या असत्या तर फिटंफाट झाली असती.

पुढच्या सोमवारी मालकांनी मामांना बोलावून सांगितलं की खुर्चीचं आता जमणार नाही. आणि त्यांचं म्हणणं, खरं सांगायचं तर, चुकीचं नव्हतं. "मामा, स्टोअर म्हणजे सगळ्या खुणाच," ते म्हणाले. "खूण केली म्हणजे माल आहे, एवढ्यावर सगळं चालतं. तुम्ही आपण होऊन सांगितलंत, त्याची मला किंमत आहे. नाहीतर घरीच पाठवलं असतं. पण खुणांच्या जागेवर तुम्हाला कसं बसवू?" मामा "बरोबर आहे" म्हणाले आणि घंगाळाकडे गेले.

दुपारी मला बोलावलं. मला वाटलं, हिशेब लागला. मालक म्हणाले, "ताई, तुम्ही बसा स्टोअरला. एकोणीस वर्षांत तुमची एक सही चुकली नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे दोघंही चोर होते, एकाला फाशी आणि दुसऱ्याला खुर्ची. मी नाही म्हणायला हवं होतं. सगळं सांगायला हवं होतं. वाक्यंसुद्धा तयार होती, पाच दिवस मी तीच घोकत होते. पण आदल्या रात्री आईनं दोनदा अंथरूण ओलं केलं होतं, माझी कंबर धरली होती, आणि मालकांच्या खांद्यावरून मला ती काचेची खोली दिसत होती. मी म्हणाले, "बरं."

रविवारी मी मामांच्या घरी गेले. बेचाळीस पायऱ्या चढताना तीनदा थांबले. मामा आत झोपले होते, पंख्याचा खडखड आवाज चालू होता. तो पंखा मुद्दाम दुरुस्त करत नाहीत. आवाज नसला तर मामांना झोप लागत नाही. मामी काळा चष्मा लावून ओट्याशी उभ्या होत्या. मी म्हणाले, "मामी, मला काहीतरी सांगायचंय."

"मला माहीत आहे," मामी म्हणाल्या. "यांनी सांगितलंय सगळं. तू सळई घातली नव्हतीस तेही."

"मला तुझा राग आहे," त्या म्हणाल्या. "खूप आहे. अकरा वर्षं हा माणूस रात्री त्या खुर्चीबद्दल बोलायचा, लोक घर बांधायचं बोलतात तसा. उशी घेऊन जाऊ का पाठीला, म्हणून विचारायचा. मी म्हणाले, मी जाते तुमच्या मालकाकडे, सांगते सगळं. तर म्हणाला, तू गेलीस तर मी जेवणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला अशी धमकी दिली. वर म्हणाला, ती आपणहून सांगेल तेव्हा सांगेल." त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला, जरा जोरातच. "चहा घे. साखर बेताचीच घातलीय."

मी चहा घेतला. सोमवारी सांगते, असं मामींना म्हणाले. त्यांनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि कप उचलून विसळायला नेला.

त्याला आता चौदा महिने झाले. किती सोमवार गेले ते मोजायला मी बसत नाही. आई गेली. तिच्यासाठी गप्प बसले होते, हे कारणही तिच्याबरोबर गेलं, तरी मी बसलेच आहे. दमणूक हा मोठा सोयीचा आजार आहे, कुणी औषध विचारत नाही. आणि ज्या माणसाला खोटं उचलवत नव्हतं, तो माझं खोटं रोज उचलतो आहे, बादल्यांबरोबर. तपासणीच्या टेबलावर दुसरी बाई आली आहे. तिला मामांनीच शिकवलं, प्रत्येक तुकड्यात सळई घालायला. शनिवारी ते दगड चाळतात. चाळणीचा आवाज माझ्या काचेतून आत येतो. आता ते मधे दोनदा भिंतीला टेकून थांबतात.

साबण संपला की मामा स्टोअरच्या खिडकीशी येतात, रिकामा कॅन घेऊन. ते दिसले की मी उठून उभी राहते. पहिल्या दिवसापासून. त्याला काही अर्थ नाही हे मलाही कळतं, पण पाय ऐकत नाहीत. भरलेला कॅन देते, वहीत खूण करते, ते मान हलवतात आणि जातात. इतके महिने ते यावर काही बोलले नाहीत.

काल आले तेव्हा मी तशीच उठले. मामांनी कॅन खिडकीवर ठेवला. दोन्ही हात कठड्यावर टेकले, तेवढ्यापुरता भार तिथे सोडला. काचेवरून त्यांच्या हातांची थरथर माझ्या टेबलापर्यंत आली.

"साहेब ऑफिसात एकटेच आहेत आता," मी म्हणाले. "मी जाऊन येते. आज सांगते."

"सांग," मामा म्हणाले. "सांगायचं तर तुझ्यासाठी सांग. मला पुढच्या महिन्यात निवृत्तीच आहे."

मला हे माहीत होतं. स्टोअरचं काही येणं बाकी नाही, असे त्यांचे कागद माझ्याच टेबलावरून गेले होते, त्यांच्यावर खूण मीच केली होती. मी टेबलाला धरून उभी राहिले.

"बस गं," मामा म्हणाले. "तू उभी राहिलीस म्हणून माझे गुडघे दुखायचे थांबत नाहीत."

मी बसले.